बाहीच्या तीन घड्या

सकाळी साडेदहाला अ‍ॅनिमॅटिक लावलं आणि साडेतीन मिनिटांत माझा दोन महिन्यांचा ढग कोसळला.

अ‍ॅनिमेशन फिल्म, छोटीशी. वडील गेलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, संवाद एकही नाही. तिचं दुःख दाखवायला मी तिच्या डोक्यावर एक राखाडी ढग ठेवला होता. ती शाळेत निघाली की ढग मागोमाग, जेवायला बसली की ढग पंख्यात अडकतो, शेवटी पांढरा होऊन विरतो. नवशिक्यांच्या स्टोरीबोर्डात, म्हणजे फिल्मच्या क्रमवार कच्च्या चित्रांत, विझणारा दिवा, गळणारं पान दिसलं की मी नाक मुरडते. आणि स्वतः काय काढलं, तर ढग!

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं ठरलेल्या वेळेत बसवून, कच्च्या आवाजासकट लावलेली. एकेक चित्र सुंदर असलं तरी फिल्म कुठे पडते ते तिथे उघडं पडतं. दिवे लागल्यावर सगळे "छान आहे" म्हणाले. त्या "छान"चा अर्थ कळण्याइतकी वर्षं मी या कामात काढली आहेत.

शेवटी साउंडवाला म्हणाला, "ताई, ढग दिसला की कळतं, ही दुःखी आहे. दुसऱ्यांदा दिसला की तेच कळतं. तिसऱ्यांदाही तेच."

मी वाद घातला, अर्थात. मग गप्प बसून हिशेब मांडला. 210 सेकंद, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 5040. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 2520 चित्रं, आणि त्यातल्या बहुतेकांत तो ढग वेगळ्या लेयरवर घुसळत राहणार. बदलायचं तर आजच. की-पोझेस, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं, सुरू झाली की बदल महाग पडतो.

पुन्हा पहिल्यापासून स्टोरीबोर्डची पॅनेल बघायला लागलो. सतराव्यावर हात थांबला. ढग आहे म्हणून पोरीच्या अंगात वडिलांचा रेनकोट होता, पार घोट्यापर्यंत. त्याच्या बाह्या कुणीतरी दुमडल्या होत्या. तीन जाड घड्या, मनगटाशी फुगलेल्या.

"हे कुणी केलं?"

लेआउटला नुकतीच आलेली मुलगी उभी राहिली. "सॉरी ताई. हातच दिसत नव्हते. दप्तर कशानं धरणार ती?"

मी शेवटचं पॅनेल काढलं. त्यात मुलगी कॉलेजला निघालेली, अंगात तोच रेनकोट. "इथे किती घड्या?" मी विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुपारभर भिंतीवरचे ढग उतरवत होतो. बाहीला करण्यासारखं किती होतं! हात धुताना एक घडी सुटते, बाही ओली होते, ती दातात धरून पुन्हा दुमडते. ढगाला असं काहीच करता येत नव्हतं, तो नुसता असायचा. साउंडवाला खूश, त्याला रेनकोटची करकर मिळाली.

भांडण झालं ते शेवटावरून. एडिटर म्हणे, एकही घडी नको, बाही बरोबर मापात बसू दे. मी म्हटलं, एक राहू दे. तासभर कुणी हटलं नाही.

रात्री निघताना मॉडेल शीटच्या, म्हणजे पात्र कसं काढायचं ते ठरवणाऱ्या कागदाच्या, कोपऱ्यात लेआउटच्या त्या मुलीचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं: प्रसंग 1, तीन. प्रसंग 6, दोन. शेवट, एक. त्या 'एक'च्या खाली खोडलेलं 'शून्य' दिसत होतं, आणि त्याच्याही खाली पुसट 'एक'.