फॅक्समधल्या गहाळ ओळी

फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत, मालवाहतुकीच्या एका कार्यालयात मी टेलिफोन एक्स्चेंजची देखभाल करीत असताना एका तक्रारीने आठवडाभर पिच्छा पुरवला होता: बोलणे स्वच्छ ऐकू येते, मात्र आलेल्या फॅक्सच्या पानावरील मधल्याच काही ओळी गायब असतात. पीआरआय कार्डावरचा (एकाच लाइनवरून तीस कॉल आणणाऱ्या जोडणीचे कार्ड) हिरवा दिवा व्यवस्थित पेटलेला असल्यामुळे संशय आधी फॅक्स यंत्रावर आणि मग वायरिंगवर गेला. दोष निघाला तो घड्याळाचा, म्हणजे बिटांचा ठेका धरणाऱ्या यंत्रणेचा, आणि तो उमगायला फ्रेमची, म्हणजे बिटांच्या ठरलेल्या गठ्ठ्याची, रचना ठाऊक असावी लागते.

आपल्याकडची पीआरआय लाइन म्हणजे ई-वन. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने, प्रत्येक नमुना 8 बिटांचा. एका नमुन्याएवढा एक कप्पा; अशा 32 कप्प्यांची एक फ्रेम 125 मायक्रोसेकंदांत निघून जाते. त्यांपैकी 30 कप्पे संभाषणाचे, 16 क्रमांकाचा कॉल जोडण्या-तोडण्याच्या संकेतांचा आणि 0 क्रमांकाचा मुख्यतः कप्प्यांची मोजणी सांभाळण्याचा.

मौज अशी की, कोणत्याही कप्प्यावर पत्ता लिहिलेला नसतो. तो कितवा आहे, एवढीच त्याची ओळख. त्यामुळे मोजणी एका बिटाने जरी चुकली, तरी तिसांच्या तीस संभाषणांचा चिवडा होतो. म्हणून 0 क्रमांकाच्या कप्प्यात एकाआड एक फ्रेममध्ये 0011011 ही ठरलेली खूण पाठवतात. हेच सात बिट कोणाच्या बोलण्यातही योगायोगाने उमटू शकतात. तेव्हा खूण सापडली तरी यंत्र पुढच्या फ्रेममधील त्याच कप्प्याचा दुसरा बिट 1 आहे ना, हे पाहते आणि त्यापुढच्या फ्रेममध्ये खूण पुन्हा दिसली तरच विश्वास ठेवते. एकदा बसलेला विश्वास मात्र सहसा लागोपाठ तीन खुणा चुकेपर्यंत ढळत नाही.

आमचे कार्ड लाइनवरून घड्याळ घेण्याऐवजी स्वतःच्याच स्फटिकावर चालत होते. दोन घड्याळांत दहा लाखांत एक इतकाच फरक असला, तरी 125 सेकंदांत बरोबर एका फ्रेमचे 256 बिट साचतात किंवा कमी पडतात, आणि कार्ड एक अख्खी फ्रेम टाकून देते, नाही तर तीच पुन्हा पुढे पाठवते. यालाच स्लिप म्हणतात. मोजणी शाबूत राहते, म्हणून दिवा हिरवाच. बोलणाऱ्याला फार तर बारीकशी टकटक ऐकू येते. फॅक्सच्या मोडेमला तेवढे पचत नाही.

घड्याळ लाइनवर दिले आणि स्लिपचा आकडा शून्यावर आणून ठेवला. संध्याकाळी चर्चगेटकडे निघण्यापूर्वी पाहिले, तेव्हाही तो शून्यच होता.