तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एखादा अवघड प्रसंग सांगा’

व्यवसाय पुनर्वसन समुपदेशकाच्या (म्हणजे दिव्यांग माणसाला कामधंद्याला लागायला मदत करणाऱ्याच्या) जागेसाठी मुलाखतीला निघालेली मुलं-मुली मला हमखास फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: “सर, ‘कामातला अवघड प्रसंग सांगा’ म्हणाले तर काय सांगू?” एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी फजिती ऐका. पणजीतली मुलाखत. मी उत्तर घोकून गेलो होतो: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. इंग्रजीत त्या पद्धतीला ‘स्टार’ म्हणतात. मी एका पाडेल्याची हकिकत सांगितली. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा.) माडावरून पडला, कण्याला मार लागला, पाय गेले. मी अपंगत्वाचा दाखला काढून दिला, व्हीलचेअर मिळवून दिली, कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं. चारही खण नीट भरले. तेवढ्यात टेबलाच्या कडेला बसलेल्या बाईंनी विचारलं, “पण त्याला काय करायचं होतं?”

मला उत्तर येईना. मी त्याला विचारलंच नव्हतं. व्हीलचेअर म्हणजे टेबल आणि टेबल म्हणजे कॉम्प्युटर, इतका सोपा माझा हिशोब. शिवाय आठ दिवसांनी त्यानं कोर्सला येणं बंद केलं होतं, तेवढा भाग मी शिताफीनं गाळला होता. ती जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या घरी गेलो. पहिली गोष्ट दिसली ती पायऱ्यांची. घरापासून रस्त्यापर्यंत नऊ पायऱ्या. भाऊ त्याला रोज पाठीवर घेऊन खाली उतरवायचा आणि त्यात भावाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. माझ्या फाइलीत या पायऱ्या कुठेच नव्हत्या. तिथं ‘प्रेरणेचा अभाव’ असं मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. तो पडवीत बसून नारळ निवडत होता. एकेक नारळ कानापाशी नेऊन हलवायचा, बोटानं टकटक करायचा आणि तीनपैकी एका ढिगात टाकायचा. बाजूला टाकलेल्यातला एक मला चांगला वाटला, म्हणून उचलला. त्यानं तो कोयत्यानं फोडून माझ्यापुढे धरला. आतून कुजका. म्हणाला, “माडार चडूंक मेळना आतां, सर. पूण नाल्ल वळखतां.” (माडावर चढता येत नाही आता, पण नारळ ओळखतो.)

मग खरं काम सुरू झालं. पायऱ्यांच्या बाजूनं उतरण बांधायची, त्याला शेजाऱ्याची हातभर जागा हवी, आणि शेजाऱ्याशी जुनं भांडण. त्यातच तीन महिने गेले. आता जुने सोबती पाडतात, हा फोनवरून भाटकारांची (बागायतीच्या मालकांची) कामं लावतो, माल निवडतो, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसतो. पुढच्या मुलाखतीत मी नऊ पायऱ्यांपासून सुरुवात केली, माझी चूक धरून. तुम्हीही तसंच करा. परिस्थितीचं वर्णन दोन वाक्यांत उरका. तुमचा अंदाज कुठे चुकला आणि मग तुम्ही काय बदललंत, ते सावकाश सांगा.

कारखानदाराचा प्रश्नही येतो. “मालक म्हणतो, पाठवा, पण हलकी केस, म्हणजे कमी अपंगत्व असलेला माणूस पाठवा. काय कराल?” इथं बरेच उमेदवार २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढतात आणि ४ टक्के आरक्षण ऐकवतात. ते सरकारी आस्थापनांसाठी आहे, खासगी कारखान्यावर तसं बंधन नाही. एवढं जरी चुकलं तरी पॅनेलला तुमची तयारी कळते. आणि बंधन असतं तरी, माझ्या अनुभवात, कायदा अंगावर फेकून टिकाऊ जागा मिळत नाही. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन त्या कामापाशी तासभर उभं राहावं, हात किती वेळा वर जातो, किती उचलावं लागतं ते बघावं आणि मग मालकाशी बोलावं.

आणखी एक प्रश्न: तुमच्याकडे काम मागायला आलेला, फिट येणारा माणूस म्हणतो, “मालकाला सांगू नका.” काय कराल? याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. त्याच्या संमतीशिवाय सांगायचं नाही, हे पक्कं. पण फिरत्या यंत्रावर किंवा उंचावर काम असेल तर त्या जागेसाठी मी त्याची शिफारस करणार नाही, हेही त्याच्या तोंडावर सांगायचं. तो चिडतो. चिडू दे.

आणखी एक, गोव्यापुरतं. आपला मुलूख एवढासा. “पेडण्याचा एक पाडेली” म्हटलं की पॅनेलवरचा कुणीतरी “अरे, तो अमक्याचा भाऊ” म्हणायचा. तेव्हा गाव, धंदा, वय यातलं काहीतरी बदला, आणि बदललंय असं आधीच सांगा. मीही वर बदललं आहे.

नवखे असाल तर फील्डवर्कमधला प्रसंग सांगा, लहान असला तरी चालेल. उसना आणू नका. आता मी कधीमधी टेबलाच्या पलीकडे बसतो. एकदा एकाच सकाळी दोघांनी तीच गोष्ट सांगितली, तोच कारखान्यातला प्रेस (दाबयंत्र), तीच तुटलेली बोटं. फरक एवढाच, की पहिल्याच्या गोष्टीत हात उजवा होता आणि दुसऱ्याच्या डावा.