तुम्ही विचारलंत म्हणून: हातात कला नाही, तर हिवाळ्याच्या सुट्टीत डेकोरेशन काय करू?

हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न हमखास येतो, कधी फोनवर, कधी मेसेजमध्ये, की घरच्या घरी जमेल असं सोप्पं डेकोरेशन सांग ना, पण आधीच सांगते हं, मला सरळ रेघसुद्धा मारता येत नाही. अहो, मलाही येत नाही! चित्रकलेत मी कायम पासापुरतीच होते. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे, असं काहीतरी निवडा की जिथे सुंदर दिसायचं काम सामान स्वतःच करतं, तुम्ही फक्त सुरुवात करून द्यायची आणि मग त्यात लुडबुड करायची नाही.

सगळ्यात आधी कागदाचे हिमकण. यात सगळी जादू घडीची आहे, कात्रीची नाहीच, कशीही कापा, उलगडल्यावर छानच दिसतं. फक्त घडी सहाची हवी. बहुतेक जण कागद अर्ध्यात, परत अर्ध्यात, परत अर्ध्यात दुमडतात आणि मग चार किंवा आठ टोकांचं काहीतरी होतं, ते दिसायला बरं असतं पण हिमकण नाही. खऱ्या हिमकणाला सहाच बाजू असतात कारण बर्फ होताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. केप्लर, तोच ग्रहांच्या कक्षावाला, त्याने १६११ मध्ये या सहाच्या कोड्यावर अख्खी पुस्तिका लिहिली होती, आणि अमेरिकेत व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटलीने १८८५ मध्ये मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून एकेका हिमकणाचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर तेच केलं. ते फोटो एकदा बघाच, कापायला डिझाइन शोधत बसायची गरजच नाही.

तर घडी अशी. चौकोनी कागद तिरका दुमडून त्रिकोण करा. त्याच्या लांब बाजूचा जो मध्य, तोच हिमकणाचा मध्य, तिथे बोट दाबून ठेवा. आता त्या बिंदूपासून तीन सारखे भाग पडतील असं एक टोक आत दुमडा आणि दुसरं त्याच्यावर आणा, कडा जुळेपर्यंत थोडं इकडे तिकडे सरकवावं लागतं. मग ते सगळं मधोमध अजून एकदा दुमडा, म्हणजे १२ पदर झाले. वरची शेपटं तिरकी कापून टाका आणि मग कडांवर हवे तसे खाचे मारा. नियम एकच, एका घडीपासून समोरच्या घडीपर्यंत आरपार कापायचं नाही, नाहीतर हिमकणाचे तुकडे हातात येतात. कागद प्रिंटरचा साधा किंवा त्याहून पातळ घ्या, कार्डपेपरचे १२ पदर कापायला गेलात तर कात्री आणि अंगठा दोन्ही कामातून जातील. उलगडल्यावर दोन कोऱ्या कागदांत ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात आमचे चुरगळलेले दिसतात.

दुसरं म्हणजे मिठाची कणीक, घरात मुलं असतील तर हे बेस्ट. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण एक वाटी पाणी, पण पाणी थोडं थोडं घाला, हाताला चिकटायला लागली की गणित बिघडलं, मग अजून मैदा. छान मळून अर्धा सेंटीमीटर जाडीची लाटायची, वाटीने झाकणाने कटरने जे असेल त्याने आकार कापायचे, आणि दोरा ओवायचं भोक स्ट्रॉने आत्ताच पाडायचं कारण वाळल्यावर ते दगड होतं. ओव्हन १२० डिग्रीच्या आसपास ठेवून दोन-तीन तास, मधे एकदा उलटायचं. घाई करून आच वाढवलीत तर फुगतात आणि तडकतात. ओव्हन नसेल तर जाळीवर ठेवून हवेत वाळवा, काही दिवस लागतात इतकंच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून रंगवून झाल्यावर दोन्ही बाजूंनी व्हार्निश किंवा पातळ केलेला फेविकॉल लावायलाच हवा. आणि कुत्रा असेल तर हे त्याच्या तोंडाला येईल असं अजिबात लटकवू नका, एवढं मीठ पोटात गेलं तर खरोखर जिवावर बेतू शकतं.

माझं स्वतःचं सगळ्यात लाडकं विचाराल तर स्फटिकाचे तारे. पाइप क्लीनर, म्हणजे हस्तकलेची ती मऊ केसाळ तार, वाकवून छोटा तारा करायचा, पांढरा घ्या, बर्फासारखा दिसतो. गरम पाण्यात तुरटीची पूड विरघळेनाशी होईपर्यंत घालत राहायची, वरचं स्वच्छ पाणी काचेच्या बरणीत ओतायचं आणि पेन्सिलीला दोऱ्याने तारा बांधून त्यात बुडवून सोडायचा, काचेला टेकता कामा नये. गरम पाण्यात तुरटी खूप मावते, गार पाण्यात कमी, त्यामुळे पाणी निवत जातं तशी जास्तीची तुरटी ताऱ्यावर येऊन बसते. रात्रभर हात लावायचा नाही, हीच काय ती मेहनत! सावकाश निवलं तर खडे मोठे, पटकन निवलं तर बारीक आणि गर्दीने, म्हणून बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. गरम पाण्याचं काम मोठ्यांनी करायचं आणि तयार तारे खडीसाखरेसारखे दिसतात तेव्हा छोट्या मुलांपासून लांब.

संत्र्याच्या चकत्या तर विचारूच नका इतक्या सोप्या, अर्धा सेंटीमीटरच्या कापा, टॉवेलने टिपा, १०० डिग्रीला तीन-चार तास, उलटत राहा, खिडकीत टांगल्या की उजेड त्यांच्यातून आरपार येतो. पाइनची बोंडं गोळा केली असतील तर तीही अर्धा तास याच आचेवर ठेवा, आतले किडे जातात आणि खवले उघडतात, ओली झाली तर ती परत मिटतात, घाबरू नका.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सुचवत नाही, ग्लिटर. ते प्लॅस्टिकच असतं आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत सतरंजीत सापडत राहतं. चमक हवीच असेल तर मिठाचे जाडे खडे गोंदावर भुरभुरवा. आणि यातल्या कागदाच्या कुठल्याही वस्तूजवळ खरी मेणबत्ती नको, एलईडीची माळ पुरे.

आता ठेवायचं कसं, हाही प्रश्न येतोच. हिमकण जाड पुस्तकात, मिठाच्या वस्तू आणि स्फटिक टिश्यूत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या बॉक्समध्ये येणारी सिलिका जेलची पुडी टाका. संत्र्याच्या चकत्या मऊ पडल्या किंवा त्यावर बुरशी दिसली तर जीव अडकवून न घेता सरळ टाकून द्या, पुढच्या वेळी नव्या करायला चार संत्री आणि एक दुपार लागते.