गोड किती, यापेक्षा किती वेळा

आज दिवसभर फिरून फिरून एकच प्रश्न आला: ‘दात किडू नयेत म्हणून गोड पूर्ण बंद करू का?’ बंद नका करू, वेळा कमी करा.

साखर मिळाली की तोंडातले जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दातावर साचलेल्या जिवाणूंच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ हे आम्ल निवळवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही लागतो. म्हणून साखरेचा चहा किंवा कोल्ड्रिंक दोन तास घोट-घोट पिणं सगळ्यात वाईट. तेवढंच गोड जेवणासोबत खाल्लं तर नुकसान कमी, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते.

बिस्किटं आणि चिप्स लोक उगाच निर्दोष समजतात. त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत चिकटतो आणि लाळच त्यातल्या स्टार्चची साखर करते. चॉकलेट निदान लवकर विरघळून जातं! मधालाही सूट नाही.

जेवणाच्या शेवटी चीजचा छोटा तुकडा चांगला. एरवी साध्या पाण्याची चूळ भरा. आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर ब्रशला अर्धा तास थांबा. मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं.

झोपेत लाळ फारच कमी सुटते. रात्री ब्रश केल्यावर फक्त पाणी. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, वरचे पुढचे दात आधी किडतात. खोकल्याचं गोड सिरपही ब्रशच्या आधीच द्या.