पाणाड्याच्या लेकीला काय ऐकू येतं

मे महिन्यात भाची, भाचा आणि पुतण्या सुट्टीला आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना शब्द दिला होता की या वेळी आपण आपलंच जग रचायचं आणि त्यात खेळायचं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा खेळ, मी कॉलेजपासून खेळतोय. १९७४ साली आलेल्या या खेळाचा सांगाडा अजून भक्कम आहे: प्रत्येक पात्राचे सहा गुण, वीस बाजूंचा फासा आणि सगळं जग चालवणारा एक जण. त्या सांगाड्यावर आपले गड, खिंडी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, गावाबाहेरचे वीरगळ चढवायचे असं ठरलं. जग दोन दिवसांत उभं राहिलं. अडलं ते पात्रांच्या शक्तींपाशी.

मी सुरुवातच आकड्यांपासून केली. एक्सेलमध्ये बारा शक्ती मांडल्या. आग, वीज, बर्फ, अदृश्य होणं, काळ थांबवणं. प्रत्येकीपुढे इजा किती, अंतर किती, दिवसातून किती वेळा. आग भाच्याने घेतली, वीज पुतण्याने, बर्फ माझ्या बायकोने. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की तिन्हींचं काम एकच आहे, लांबून शत्रूला पाडणं. रंग तेवढे वेगळे. आणि भाचीने काळ थांबवण्याची शक्ती घेतलेली, त्यामुळे प्रत्येक लढाई तिच्या पहिल्या डावातच संपायची. तिसऱ्या रात्री ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मामा, माझी शक्ती काढून घे ना. मी खेळले की बाकीच्यांना करायला काही उरतच नाही." चौदा वर्षांच्या पोरीला जे दिसलं, ते मला माझ्या आकड्यांत दिसलं नव्हतं.

सगळी यादी पुसली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला शक्तीबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, तुझं पात्र कुणाच्या घरचं आणि त्याला काय जमत नाही?

भाची म्हणाली, माझी नीरा पाणाड्याची मुलगी आहे, तिला गर्दीत बोलता येत नाही. आमच्या गावी तळहातावर नारळ धरून, जमिनीखालचं पाणी शोधत शेतातून चालणारा पाणाड्या तिने पाहिला होता. मग ठरलं की नीराला खडकाआडचं पाणी ऐकू येतं, कुठून येतं, किती खोल आहे, सगळं. पण पाणी ऐकत असताना माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. हे कागदावर ठेवलं नाही. तिने खरोखर डोळे मिटायचे, कानांत बोटं घालायची, आणि तोवर बाकीच्यांनी आपापले डाव खेळायचे.

भाच्याचा सर्जा वीरगळावर हात ठेवतो आणि त्या वीराचं कसब एका लढाईपुरतं त्याच्या अंगात येतं. किंमतही दगडावरच कोरलेली. वीरगळाच्या खालच्या चौकटीत तो वीर कसा पडला ते दाखवलेलं असतं. तीच जखम सर्जाला होते. दंडावर वार असेल तर दंडावर. त्यामुळे भाचा हात ठेवण्याआधी दगड नीट बघायला लागला, मला विचारायला लागला, "खालच्या चौकटीत काय आहे?" मला एवढा आनंद दुसऱ्या कशानेच झाला नसेल.

यात एक गणित मात्र मला पुन्हा करावं लागलं. या खेळात काम जमायला फाशावर ठरलेला आकडा किंवा त्याहून मोठा पडावा लागतो. सर्जाला मी आधी फाशावर थेट पाच वाढवून दिले होते. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे पाच टक्के, म्हणून ५० टक्क्यांचं काम ७५ वर जातं. बरोबर वाटलं. पण जिथे फक्त २० पडल्यावरच जमणार, तिथे हेच पाच ५ टक्क्यांचे ३० करतात, आणि अशक्य गोष्ट रोजची होऊन बसते. त्याऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा ठेवला. ५० चे तसेच ७५ होतात, पण ५ चे जेमतेम पावणेदहा. अवघड ते अवघडच राहतं. शक्ती तोलताना मधला आकडा बघून भागत नाही, टोकं बघावी लागतात.

बायकोची कासारीण सगळ्यात आधी तयार झाली. बांगड्या भरताना ज्याचा हात हातात येईल, तो खोटं बोलतोय का ते तिला कळतं. एका माणसावर एकदाच, आणि हात त्याने आपणहून दिलेला हवा.

पुतण्याचं उत्तर होतं, "माझ्या हंबीरला मागे फिरता येत नाही." १६६० ची घोडखिंड त्याच्या डोक्यात असणारच. हंबीर वाट अडवून उभा राहिला की पलीकडून कुणी येऊ शकत नाही. पण साथीदाराने खांद्याला हात लावेपर्यंत त्यालाही हलता येत नाही.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री चौघं एका गडाच्या टाक्यापाशी पोचले. विष कालवलेलं पाणी कुठून येतंय ते शोधायचं होतं. नीरा ऐकत होती, भाचीचे डोळे मिटलेले, बोटं कानांत. पायऱ्यांवर हंबीर, समोर नऊ जण. सर्जाचा दंड कामातून गेलेला, कासारीण वर तटावर अडकलेली. पुतण्याने फासा टाकला, दोन पडले. "हात लाव! नीरा, हात लाव!" तो ओरडत होता आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. आम्ही कुणी तिला हलवलं नाही. नियम होता तो.

थोड्या वेळाने तिने आपणच एक डोळा उघडला. भावाचं तोंड पाहिलं. कानांतली बोटं काढली आणि टेबलावरून वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पाणी कुठून येतं ते त्या रात्री कळलं नाही. दिवाळीत पुन्हा त्याच टाक्यापासून सुरुवात करायची आहे.