बँडसॉचा तिरका कट सरळ करताना

आमच्या आडव्या बँडसॉवर (दोन चाकांवर पट्ट्यासारखं ब्लेड फिरवून धातू कापणारी करवत) 50 मिमीचा गोल बार कापला की कट वरून खाली येईपर्यंत दीड-दोन मिमी सरकायचा. कट तिरका गेला की सगळ्यात आधी ब्लेडचं टेन्शन, म्हणजे ताण, पिळायची सवय बहुतेकांना असते. माझ्या मते टेन्शनचा नंबर बराच नंतरचा.

प्लग काढला आणि आधी दोन्ही गाईडची बेअरिंगं ब्लेडपासून लांब केली. हे महत्त्वाचं, कारण गाईड ब्लेडला धरून ठेवतात आणि चाकांवर ते खरं कुठे पळतंय हे दिसतच नाही. हाताने चाक फिरवलं, तर ब्लेडची पाठ चाकाच्या कडेला घासत होती. पाठीवर चकचकीत पट्टा पडलेला, त्यावर बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड. टेन्शनच्या बाजूच्या चाकाचा कल बदलणारा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गेलो. प्रत्येक वेळी टेन्शन पुन्हा लावायचं, चाक फिरवायचं, बघायचं. कंटाळवाणं काम आहे. पाठ कडेच्या जवळ राहील पण दाबून घासणार नाही, इथवर आणलं.

मग गाईड. प्रत्येक जोडीतलं एक बेअरिंग एक्सेंट्रिक बुशवर, म्हणजे मध्य बाजूला सरकलेल्या बुशवर असतं. नट सैल करून बुश फिरवला की बेअरिंग ब्लेडला येऊन टेकतं. ब्लेड थांबलेलं असताना बेअरिंग बोटाने थोड्या जोरावर फिरलं पाहिजे. जाम असेल तर जास्त आवळलंय, गरगर फिरलं तर सैल. बेडवर गुण्या उभा करून ब्लेडच्या सपाट बाजूला लावला. दात बाहेर वाकवलेले असतात, त्यांच्यावर गुण्या टेकवला तर माप खोटं येतं. वरच्या अंगाला उजेडाची फट दिसली. तिरका कट तिथूनच येत होता! गाईडचा ब्लॉक किंचित फिरवून फट घालवली आणि गाईडचे हात जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) जितके जवळ येतील तितके आणले.

नवीन ब्लेड चढवलं होतं, म्हणून पहिले काही कट फीडचा दाब, म्हणजे ब्लेड जॉबवर दाबायचा जोर, निम्मा ठेवून घेतले. वेग साध्या लोखंडाला मिनिटाला 25-30 मीटरच्या आसपास. पुढे दाब चिप (कापताना पडणारा कीस) बघून ठरवला: नुसती भुकटी पडली तर दात घासतायत, दाब वाढवायचा, चिप निळी पडली तर दाब किंवा वेग कमी करायचा. वळलेली, मोकळी चिप आली की हात लावायचा नाही.

बार आता गुण्याला लागतो. 2 मिमी जाडीच्या चौकोनी पाइपला मात्र हे ब्लेड चालणार नाही. ते 14 टीपीआयचं, म्हणजे इंचाला 14 दात; दोन दातांत 1.8 मिमी अंतर, म्हणजे पाइपच्या भिंतीत एका वेळी जेमतेम एकच दात, आणि हवेत किमान तीन. त्यासाठी बारीक दातांचं ब्लेड वेगळं ठेवलंय.