‘पानं पिवळी पडलीत, काय घालू?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घोडबंदर रोडचा विसावा मजला असो की नेरुळच्या रो-हाऊसचं अंगण, प्रश्न अगदी याच शब्दांत येतो: ‘टोमॅटो-मिरचीची पानं पिवळी पडून गळतायत, काय घालू?’ सोबत फोटो असतो, तोही वरून काढलेला. त्यात हिरवा शेंडा छान दिसतो. निदानाला हवीत ती खालची पानं, पानांची पाठ आणि माती. आणि ‘काय घालू’चं माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: तूर्त काहीच नको.

बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती ओली, बोटाला चिकटणारी, आणि तरीही पानं पिवळी, मलूल? मग झाड तहानलेलं नाही, गुदमरलंय. आपल्याकडच्या पावसात कुंडीखालच्या बशीत पाणी साठतं, मुळांना हवा मिळत नाही आणि मातीत खत असूनही ती ते उचलू शकत नाहीत. पान उपाशी दिसतं, आपण आणखी खत घालतो आणि उरलीसुरली मुळंही करपतात. बशी काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, खालच्या भोकातून काडी घालून ते मोकळं आहे ना बघा. नर्सरीतली नुसती लाल माती कुंडीत भरली तर ती ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. माती, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत समान घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. टोमॅटोला कुंडी किमान बारा इंची, मिरचीला दहा इंची चालते.

माती ठीक असेल तर पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहा. सावलीतलं अगदी खालचं एखादं पान म्हातारं होऊन जातं, ते तोडा आणि विसरा. खालची बरीच पानं शिरांसकट एकसारखी फिकट होत वर सरकत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडलाय. झाड जुन्या पानांतला नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून आधी जुनी पानं जातात. बारा इंची कुंडीला दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरे.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही जुन्या पानांवर, तर मॅग्नेशियम. एक सपाट चहाचा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळं झालेलं पान पुरतं हिरवं होईलच असं नाही, गुण नव्या पानांवर बघायचा. (एप्सम सॉल्ट म्हणजे सर्व रोगांवरचा अंगारा नव्हे. जास्त झालं की कॅल्शियम अडतं आणि टोमॅटोची बुडं काळी पडतात.) हीच जाळी कोवळ्या पानांवर दिसली तर लोह मिळत नाहीये. बहुधा तुंबलेलं पाणी किंवा उन्हाळ्यात टँकरने आलेलं बोअरचं जड पाणी त्याला कारण असतं. आधी ते सुधारा, मग चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं) अर्धा ग्रॅम लिटरला.

तपकिरी ठिपके असतील तर खताचा विषयच संपला. ठिपक्यात कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं आणि भोवती पिवळी कडा, हा करपा. पाण्याचे शिंतोडे मातीतली बुरशी खालच्या पानांवर उडवतात. मातीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढा, मातीवर वाळका पाला पसरा, पाणी सकाळी बुंध्याशीच घाला. तरीही वर चढला तर कॉपर ऑक्सिक्लोराईड अडीच ग्रॅम लिटरला. तोडलेली पानं कंपोस्टमध्ये नकोत.

मिरचीत खरी डोकेदुखी चुरडा-मुरड्याची, म्हणजे पानं आकसून वळण्याची. पान कुठे वळलंय ते बघा. कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. पांढरा कागद शेंड्याखाली धरून टिचकी मारा, सुताच्या तुकड्यांसारखे पिवळसर किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल तर कोळी (माइट), तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. टोमॅटोवरचा लाल कोळी वेगळा: पानावर रवा सांडल्यासारखे पिवळे टिपके आणि पाठीवर बारीक जाळं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो फोफावतो. शेजारी टॉवर उठत असेल तर पानांवर बसणारी सिमेंटची धूळही त्याच्या पथ्यावर पडते, म्हणून पानं धुवा. फुलकिड्यांवर निंबोळी तेल पाच मिलि आणि लिक्विड साबणाचे काही थेंब लिटरला, पानांच्या पाठीवर, सहा-सात दिवसांच्या अंतराने तीनदा. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक दोन ग्रॅम लिटरला, पण कडक उन्हात नाही आणि तेल फवारल्यापासून दोन आठवडे अजिबात नाही, पानं जळतात.

पानं बारीक, कडा पिवळ्या, झाड खुजं आणि हलवलं की पांढऱ्या माशा उडतात, तर विषाणू. त्यावर औषध नाही. उपटा, पिशवीत बांधा, उरलेल्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावा.

शेवटी मर रोग. झाडाची एकच बाजू पिवळी पडत गेली आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर तो बुरशीचा. पानं हिरवी असतानाच दुपारी माना टाकतात, संध्याकाळी सावरतात आणि तीन-चार दिवसांत सगळं झाड बसतं, तो जिवाणूचा. कोकणच्या उष्ण, ओल्या मातीला तो नवा नाही. खात्री करायची तर बुंध्याजवळचा दोन इंची तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून स्थिर धरा. काही मिनिटांत टोकातून दुधासारखी धार खाली उतरू लागली तर जिवाणूच. त्या कुंडीत पुन्हा टोमॅटो, मिरची, वांगं नको, मेथी पेरा. कात्री स्पिरिटने पुसा. नवं टोमॅटो वेगळ्या मातीत, सप्टेंबरअखेर पाऊस ओसरल्यावर, आणि बी घेताना ‘अर्का रक्षक’ मागा: ही जात पर्णगुच्छ विषाणू (पानं बारीक करून आकसवणारा), जिवाणूजन्य मर आणि करपा या तिघांनाही तोंड देते.